बंगल्यांचे लोणावळे, घाटातली माणसे

(मावळातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बंगालच्या उपसागराच्या काठी पुदुच्चेरी नावाचे शहर आहे. त्याचे जुने नाव पाँडिचेरी. या शहराच्या मधून एक कालवा जातो. कालव्याच्या समुद्राकडील बाजूस फ्रेंचांची वस्ती होती, तिला ‘गोरे शहर’ म्हणत. अलीकडे तमिळ रयतेची वस्ती होती, तिला ‘काळे शहर’ म्हणत. १ नोव्हेंबर १९५४ रोजी फ्रेंचांनी तेथील कारभार भारताच्या स्वाधीन केला आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी ते हस्तांतर कायद्यानेही पुरे झाले. आज तेथे जाणारा प्रवासी पिवळ्या भिंती, कमानीची दारे, बोगनवेली आणि रस्त्यांची फ्रेंच नावे पाहून हरखून जातो. परंतु ३० जुलै १९३६ रोजी याच शहरात संपावरील गिरणी कामगारांवर वसाहतीच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, बारा कामगार धारातीर्थी पडले आणि त्या रक्ताचे मोल म्हणून पुढील वर्षी तेथील कामगारांना आठ तासांचा दिवस मिळाला, ही हकिकत त्याला सहसा कोणी सांगत नाही. भिंतीला रंग दिला जातो, ती जपली जाते. त्या भिंतीच्या सावलीत घडलेला इतिहास मात्र ज्याचा त्याने शोधून काढायचा असतो.

पुदुच्चेरी दूर आहे. मावळच्या कार्यकर्त्याला हा धडा गिरवण्यासाठी तेवढ्या लांब जाण्याची गरज नाही. समुद्र नाही, फ्रेंचही नाहीत. पण साहेबाची वस्ती या तालुक्यातही आहे. तिचे नाव लोणावळे-खंडाळे.

या गावांकडे पाहण्याच्या दोन सोप्या तऱ्हा आज प्रचलित आहेत. पहिली हौशी प्रवाशाची. तो पावसाळ्यात येतो, धुके पाहतो, जुन्या बंगल्यांच्या उतरत्या छपरांची व रुंद व्हरांड्यांची छायाचित्रे घेतो, चिक्कीचे पुडके घेऊन परत जातो आणि ‘साहेबाची दृष्टीच वेगळी होती’ असे म्हणतो. दुसरी तऱ्हा संतापलेल्या देशाभिमान्याची. गुलामीच्या या खुणा पुसून टाका, पाट्या बदला, म्हणजे झाले, असे त्याला वाटते. वरवर पाहता हे दोघे एकमेकांचे विरोधक दिसतात. तथापि एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. हे सारे कोणी बांधले, कोणाच्या जमिनीवर बांधले आणि त्याची किंमत कोणी चुकवली, हा प्रश्न दोघेही विचारत नाहीत. एकाला तो प्रश्न नकोसा वाटतो, दुसऱ्याला तो सुचतच नाही. कार्यकर्त्याने लोणावळ्यास जावयाचे ते हा प्रश्न घेऊनच जावे.

लोणावळे मोठे झाले ते रेल्वेमुळे. त्यापूर्वी घाट होता आणि घाटातून रस्ताही होता. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला सह्याद्रीच्या भिंतीपलीकडचा दख्खनचा कापूस दिसू लागला. मँचेस्टरच्या गिरण्यांना तो हवा होता. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत रूळ आले. वरच्या अंगाला खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला होता. त्या मधल्या पाच वर्षांत उतारू खोपोलीस उतरत आणि पालखीत, डोलीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून खंडाळ्यापर्यंत चढत. साहेब पालखीत असे. पालखी कोणाच्या खांद्यावर असे ते सांगावयास नको.

या मधल्या घाटाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले व १८६३ च्या एप्रिलमध्ये त्याचे उद्घाटन झाले. सुमारे २५ किलोमीटरांचा मार्ग, १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, अनेक उंच पूल आणि सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा चढ. नागफणीच्या पायथ्याशी तर डोंगराने वळणालाच जागा दिली नाही, म्हणून गाडी तेथे थांबवून उलट दिशेने नेण्याची युक्ती करावी लागली. पुढे १९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाला तेव्हा ती युक्ती निकालात निघाली. नागफणीचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगावयाचे, की साहेबाने त्या सुळक्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकाचे नाव दिले. मावळच्या गुराख्याने मात्र त्याला नागाची फणी म्हणणे कधीच सोडले नाही. एका कड्याची दोन नावे आहेत, आणि कोणते नाव कोणाच्या तोंडी आहे यावरून बोलणारा कोठून पाहतो आहे ते कळते.

मुख्य अभियंता जेम्स बर्कली याचे नाव प्रत्येक ग्रंथात आहे. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याचे नाव आहे. त्याने काम सोडल्यावर आलेला सॉलोमन ट्रेडवेल या देशात पाऊल ठेवल्यानंतर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेले. तिचेही नाव आहे, आणि असावे. परंतु १८६१ च्या सुमारास या घाटात एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या, पोरे होती. दगडमातीच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या घालवलेले वडार होते, दुष्काळी मुलखातून पोटासाठी आलेले शेतकरी होते. कमरेला दोर बांधून कड्यावर लोंबकळत त्यांनी सुरुंगाची भोके पाडली. पटकीची साथ आली की छावण्याच्या छावण्या ओस पडत. सुरुंगाने, दरडीने आणि साथीने हजारो माणसे मेली. त्यांतील एकाचेही नाव घाटात कोठे कोरलेले नाही.

ही माणसे मुकाट्याने मेली, असेही समजू नये. १८५९ च्या जानेवारीत बोरघाटातील मजुरांनी दंगा केला. कारण साधे होते. पोटकंत्राटदारांनी मजुरी थकवली होती. जी दिली ती ठरल्यापेक्षा कमी होती. संतापलेले मजूर गोऱ्या मुकादमांवर चालून गेले. सरकारने चौकशी नेमली आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले. पुढच्या वर्षी, १८६० साली, बांधकामावरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने तोडावेत असा कायदा झाला. पण त्याच कायद्यात करार मोडणाऱ्या मजुराला तुरुंगात धाडण्याचीही सोय होती. एका हाताने दाद आणि दुसऱ्या हाताने बेडी! नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली ती १८८४ साली. त्याच्या पंचवीस वर्षे आधी, संघटना हा शब्दही कानावर न पडलेल्या माणसांनी या घाटात घामाच्या दामासाठी हात उगारला होता. महाराष्ट्रातील कामगार लढ्याचा इतिहास सांगताना बोरघाटाला पहिल्या पानावर जागा द्यावयास हवी. आज ती तळटीपेतही क्वचितच मिळते.

लोकांनी मात्र आपल्या परीने एक स्मारक उभारले आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. लोककथा अशी, की घाटातून वाट काढणे साहेबाला जमेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांच्या पायवाटेवरून त्याला मार्ग दाखवला. साहेब म्हणाला, काय हवे ते माग. धनगर म्हणाला, आमच्या देशाला मोकळे कर. तेव्हा साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा दफ्तरात सापडावयाची नाही. पण आजही गाडीचालक तेथे वेग कमी करून नाणे टाकतो. दफ्तराने ज्याला वगळले त्याला लोकांनी देव केले. यात श्रद्धा आहे तशी एक तक्रारही आहे: वाट आमच्या माणसाने दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याला मरण मिळाले. कार्यकर्त्याने त्या देवळासमोर नवसासाठी नव्हे, पण ती तक्रार ऐकण्यासाठी जरूर थांबावे.

रेल्वे आली तशी वस्ती आली. लोणावळ्यास रेल्वेचे कामकाज, गोऱ्या अधिकाऱ्यांची घरे व प्रार्थनामंदिर झाले. खंडाळ्याच्या कड्यावर, जेथून दरी आणि राजमाची दिसते अशा जागा हेरून, बंगले उठले. प्रत्येक बंगल्यापुढे बाग आणि प्रत्येक बंगल्यामागे नोकरांच्या खोल्यांची एक बुटकी रांग. या मांडणीकडे नीट पाहावे. दरीचा देखावा पुढच्या व्हरांड्याला. धूर, विहीर आणि धुणीभांडी मागच्या रांगेला. पुदुच्चेरीत जे काम कालव्याने केले ते येथे बंगल्याच्या मागील भिंतीने केले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. या बंगल्यांत फक्त गोरेच राहत होते, असे नाही. मुंबईचे शेठ, सावकार, वकील, डॉक्टर यांचेही बंगले येथे होते. साहेब गेला तेव्हा या वस्तीची घडी मोडली नाही. मालकांची नावे तेवढी बदलली. वसाहत म्हणजे कातडीचा रंग, असे मानणाऱ्याला या गोष्टीचा उलगडा होणार नाही. देखावा कोणाचा, पाणी कोणाचे आणि ओझे कोणाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे जोवर तीच राहतात, तोवर वसाहत संपली असे म्हणता येत नाही.

पाण्याची कथा तर याहून बोलकी आहे. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यानजीक वळवण येथे टाटांच्या जलविद्युत योजनेच्या धरणाची कोनशिला बसवण्यात आली. लोणावळे, वळवण आणि शिरवटे अशी तीन तळी झाली. जे पाणी निसर्गक्रमाने पूर्वेकडे इंद्रायणी-भीमेला जावयाचे, ते पश्चिमेकडे वळवून नळांवाटे खोपोलीच्या वीजघरावर सोडण्यात आले. १९१५ मध्ये ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२२ च्या सुमारास आंध्र मावळात ठोकरवाडीचे धरण झाले. ही कंपनी स्वदेशी होती, हे खरे. गिरणीची चाके कोळशाऐवजी पाण्याच्या बळावर फिरू लागली, हेही खरे, आणि उद्योगाला विरोध करणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. परंतु भातखाचरे बुडाली ती मावळ्याची. त्याच मावळ्याचा मुलगा पुढे मुंबईस गेला, हमाली करू लागला, डबे पोचवू लागला, गिरणीत लागला. त्याच्या गावच्या पाण्याने चालणाऱ्या यंत्रापाशी तो रोजंदारीवर उभा राहिला. त्याने आधी पाणी दिले, मग घाम दिला. मालकी त्याला कोठेच मिळाली नाही.

शेजारच्या मुळशी पेट्यात हाच प्रश्न धसास लागला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले आणि महाराष्ट्र त्यांना सेनापती म्हणू लागला. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन परकी सरकारने देशी कंपनीसाठी देशी शेतकऱ्याची जमीन घ्यावी, आणि त्यावरून देशभक्तांतच दोन तट पडावेत, असा तो पेच होता. याहून कडू सत्य असे, की अनेक जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. कसणारा कूळ होता. मोबदल्याची भाषा सुरू झाली तेव्हा सावकाराचे हित आणि कुळाचे हित एक राहिले नाही. सावकाराला जमीन म्हणजे रक्कम होती. कुळाला ती जगण्याची एकमेव जागा होती. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झाले. पण धरणाच्या विरोधात शेतकऱ्यांनी संघटितपणे केलेला या देशातील पहिला सत्याग्रह म्हणून त्याचे नाव राहिले. आज मुळशीच्या तलावाकाठी सहलीला येणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

ही सारी परक्या राज्यातील हकिकत, असे म्हणून कोणी सुटका करून घेऊ नये. स्वराज्यात मावळातच पवना धरण झाले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची मागणी त्यानंतर दशकेच्या दशके चालू राहिली. या धरणातून बंद नळाने पिंपरी-चिंचवडला पाणी नेण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती. शहरातील कामगार वस्तीलाही पाणी हवे आहे, ही गोष्ट खोटी नाही. म्हणूनच शेतकरी आणि शहरी कामगार यांना एकमेकांसमोर उभे न करता पाण्याचे न्याय्य वाटप कसे करावयाचे, हा प्रश्न चळवळीने सोडवावयास हवा होता. चळवळ तेथे वेळेवर पोचली नाही, आणि गोळी पोचली.

आता जमिनीकडे पाहा. द्रुतगती मार्ग झाला आणि मुंबई-पुण्याचे अंतर कमी झाले, तशी मावळातील जमिनीची किंमत वाढली. शेत विकले जाते, ते बिगरशेती होते, त्याभोवती भिंत उठते, आत दुसरे घर बांधले जाते. आठवड्याचे पाच दिवस ते बंद असते. ज्याची जमीन होती तो किंवा त्याच्या गावचा माणूस तेथे रखवालदार, माळी म्हणून राहतो. त्याची बायको भांडी घासते. आणि ते राहतात ती खोली कोठे असते? मागच्या भिंतीला लागून. दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगल्याचा नकाशा जसाच्या तसा पुन्हा काढला गेला आहे. कातकरी आणि ठाकर यांच्या वाट्याला तर विकण्यापुरतीही जमीन आली नव्हती. त्यांना ज्या रानाचा आधार होता, त्या रानालाच कुंपण पडले. जुनी वस्ती पाहावयास येणाऱ्याने ही नवी वस्तीही पाहावी. जुनीला वारसा म्हणावयाचे आणि नवीला विकास, एवढाच काय तो फरक आहे.

मग जुने बंगले पाडावेत काय? मुळीच नाही. दगड निरपराध असतो. शिवाय ते दगड घडवणारे हात या भूमीचेच होते. इमारत पाडली तर त्यांच्या कामाचा उरलेला एकुलता एक पुरावाही नाहीसा होईल. पूल, बोगदे, बंगले जपावेत. पण ते मजुराच्या कामाची साक्ष म्हणून जपावेत. नुसती पाटी बदलल्याने इतिहास बदलत नाही. पाटीवर जे नाव कधीच नव्हते ते लिहिण्याने मात्र थोडाफार बदलतो.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. घाटाखालच्या व घाटावरच्या वाड्यांत अजूनही अशी घराणी आहेत, ज्यांच्या पणजोबांनी बोगद्यात काम केल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्या गोष्टी उतरवून घ्याव्यात. धरणात गेलेल्या गावांची, वाड्यांची, देवळांची आणि शेतांची नावे जुन्या माणसांकडून लिहून घ्यावीत. सातबाऱ्यावरून गाव पुसले जाते, तोंडातून ते लवकर पुसले जात नाही. शाळेच्या सहली लोणावळ्यास येतात. त्या मुलांना नागफणी दाखवताना १८५९ च्या जानेवारीचीही हकिकत सांगावी. आणि ज्या गावाच्या डोक्यावर धरण आहे त्या गावाला उन्हाळ्यात टँकर का लागावा, हा प्रश्न ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने मांडावा. जुन्या अन्यायाची आठवण आजच्या मागणीला जोडली नाही, तर ती केवळ हळहळ होऊन बसते.

या सहलीचा शेवट कार्ल्यास करावा. लोणावळ्याहून पुण्याकडे दहा-बारा किलोमीटरांवर डोंगरात कोरलेले ते भव्य चैत्यगृह आहे. शेजारीच एकवीरेचे देऊळ असल्याने कोळी आणि आगरी यात्रेकरूंची तेथे सदा वर्दळ असते. बहुतेकजण देवीचे दर्शन घेतात, चैत्याचे खांब पाहतात व उतरतात. कार्यकर्त्याने तेथील ब्राह्मी लेखांपाशी थांबावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ज्यांनी त्या लेण्याला हातभार लावला त्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. परदेशातून आलेले यवन आहेत. सुगंधी द्रव्ये विकणारा आहे. आणि दाराचे काम करणारा धेनुकाकटचा सामी नावाचा सुतारही आहे. श्रेष्ठीच्या नावाच्या सोबतीला सुताराचे नाव त्याच कातळावर, त्याच लिपीत.

तो काळ समतेचा होता, असा भाबडा दावा येथे करावयाचा नाही. पण ज्या मावळात दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराचे नाव दगडावर कोरण्यास जागा सापडली, त्याच मावळात दीडशे वर्षांपूर्वी चाळीस हजार माणसांच्या नावांसाठी एक दगडही सापडू नये, ही गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी आहे. कार्ल्याच्या पायऱ्या उतरताना प्रत्येकाने आपापल्या गावच्या एका तरी माणसाचे नाव मनात धरावे, आणि घरी पोचल्यावर ते वहीत लिहावे.